‘काय शहाणा आहेस!’
टोमण्याचा अर्थ शब्दांत असतो की आवाजात?

‘काय शहाणा आहेस!’ हे वाक्य तुम्ही आजवर पुष्कळदा ऐकले असेल. कधी परीक्षेचा निकाल हातात घेऊन आजोबांनी पाठ थोपटत म्हटलेले, तर कधी तुमच्या डोळ्यांदेखत दूध उतू गेल्यावर आईने म्हटलेले. दोन्ही वेळी शब्द तेच आणि त्यांचा क्रमही तोच. तरीही पहिल्या वेळी तुमची मान ताठ झाली आणि दुसऱ्या वेळी खाली गेली. शब्दकोशात ‘शहाणा’ शब्दाचा अर्थ पाहिला तर समंजस, सुज्ञ असाच सापडेल. मग दुसऱ्या वेळी हा चांगला शब्द लागला का?

आमचे शिरवळ नीरा नदीच्या काठी आहे. नदीपलीकडे पुणे जिल्हा, अलीकडे सातारा जिल्हा. खवचटपणा हा पुणेकरांचा, असे पुण्याबाहेरचे लोक समजतात, आणि पुण्यातल्या दुकानांवरच्या व वाड्यांच्या दारांवरच्या प्रसिद्ध पाट्यांनी तो समज पक्का केला आहे. सातारकर म्हणे तोंडावर बोलून मोकळा होणारा! पण शिरवळच्या एस.टी. स्टँडवर अर्धा तास उभे राहावे. गाडी तासभर उशिरा येते आणि कोणीतरी म्हणतो, “एवढ्या लवकर कशाला आणली गाडी? जेवूनबिवून यायचं निवांत!” हा बोलणारा पुण्याकडे निघाला आहे की साताऱ्याकडे, हे त्यावरून मुळीच ओळखता येत नाही. टोमणा नदीच्या दोन्ही काठांवर पिकतो. म्हणून तो कसा तयार होतो, कसा लागतो आणि त्याचे करायचे काय, हे जरा शास्त्रीय दृष्टीने पाहू.

एक सोपा प्रयोग

तीन चिठ्ठ्या करा. पहिलीवर ‘कौतुक’, दुसरीवर ‘राग’ आणि तिसरीवर ‘टोमणा’ असे लिहा. एका मित्राला भिंतीकडे तोंड करून उभे करा, म्हणजे त्याचा चेहरा दिसणार नाही. त्याने दर वेळी एक चिठ्ठी उचलायची आणि तिच्याप्रमाणे ‘फारच छान केलंस!’ एवढेच वाक्य म्हणायचे. बाकीच्यांनी आपापल्या वहीत चिठ्ठी ओळखून लिहायची. असे बारा वेळा करा आणि बरोबर उत्तरे मोजा. नंतर तेच वाक्य फळ्यावर लिहा आणि विचारा, “यातली चिठ्ठी कोणती?” आता कोणालाच सांगता येणार नाही. म्हणजे वाक्य फळ्यावर जाताना काहीतरी गळाले. जे गळाले, त्यातच टोमण्याचा मोठा भाग होता.

आवाजात काय बदलते?

बोलताना फुप्फुसांतून येणाऱ्या हवेमुळे स्वरयंत्रातील स्वरतंतू कंप पावतात. प्रौढ पुरुषाच्या स्वरतंतूंची कंपने सेकंदाला साधारण १०० ते १५० असतात, स्त्रीची २०० च्या आसपास आणि लहान मुलांची त्याहूनही जास्त. ही वारंवारता जितकी अधिक, तितका आवाज उंच. कंपनाचा आयाम जितका मोठा, तितका आवाज मोठा. घसा, तोंड आणि नाक यांच्या पोकळ्यांमुळे त्याला ज्याचा त्याचा गुण येतो. शिवाय प्रत्येक अक्षरावर किती वेळ रेंगाळायचे, हे बोलणारा ठरवतो. वारंवारता, आयाम, गुण आणि काल ही ती चार हत्यारे. ‘शहाऽऽणा आहेस’ मधला तो लांबलेला ‘हा’ आठवा.

मग एखादे उपकरण लावून टोमणा मोजता येईल का? शास्त्रज्ञांनी तसा प्रयत्न केला आहे. इंग्रजी बोलणारे लोक उपरोधाने बोलताना आवाज खाली आणतात आणि संथ बोलतात, असे अमेरिकेतील व कॅनडातील अभ्यासांत आढळले. पण २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण चीनमधील कँटोनीज भाषेच्या बोलणाऱ्यांचा आवाज उपरोधाच्या वेळी उलट वर चढतो, असे दिसले. म्हणजे टोमण्याची अशी एकच ठरावीक वारंवारता नाही. ध्वनिलहरीचा आलेख कितीही बारकाईने काढला, तरी त्यात अमुक ठिकाणी टोमणा आहे असे बोट ठेवता येत नाही. टोमणा असतो तो विसंगतीत. शब्द एक सांगतात, आवाज दुसरेच सांगतो, आणि उतू गेलेले दूध समोर दिसत असते. ऐकणाऱ्याचा मेंदू या तिन्हींचा मेळ घालून पाहतो. मेळ बसत नाही, तेव्हा तो शब्दांचा अर्थ उलटा करून घेतो.

हे काम सोपे नाही. उपरोध ओळखण्याची समज मुलांना साधारण पाचव्या-सहाव्या वर्षाच्या सुमारास येऊ लागते आणि पुढे कित्येक वर्षे वाढत राहते. तीन वर्षांच्या मुलाने पाणी सांडले आणि त्याला म्हटले, “छान! सांड, अजून सांड!” तर ते खुशीने अजून सांडते. लोक त्याला हट्टी म्हणतात. पण त्याने सांगितले तेच केलेले असते.

जुनी नावे

हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. मराठीच्या तासाला तुम्ही अलंकार शिकता. वरवर स्तुती आणि आतून निंदा असेल तर ती व्याजस्तुती. खरे कारण लपवून दुसरेच कारण पुढे केले तर ती व्याजोक्ती. (इथे ‘व्याज’ म्हणजे बँकेचे व्याज नव्हे, व्याज म्हणजे बहाणा.) नवव्या शतकातील काश्मीरचा साहित्यशास्त्री रुद्रट याने वक्रोक्तीचे दोन प्रकार मानले. एक श्लेषाने होणारी आणि दुसरी ‘काकू’ने होणारी. ही काकू म्हणजे नात्यातली काकू नव्हे, तर आवाजाचा हेल! चिठ्ठ्यांचा आपला प्रयोग हा त्या काकूचाच प्रयोग होता. त्याच शतकात काश्मीरमध्येच आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ हा ग्रंथ लिहिला. शब्दांच्या सरळ अर्थापलीकडे जो अर्थ सुचतो, त्याला त्याने ‘ध्वनी’ म्हटले. पदार्थविज्ञानातला ध्वनी कानाने ऐकू येतो. आनंदवर्धनाचा ध्वनी ऐकणाऱ्याच्या मनात उमटतो.

जवळजवळ अकराशे वर्षांनी, १९६७ साली, इंग्लंडमधील तत्त्वज्ञ पॉल ग्राइस याने अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात याच प्रश्नावर व्याख्याने दिली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, बोलणारी माणसे एकमेकांशी सहकार करीत असतात. समोरचा खरे बोलेल, पुरेसे बोलेल, विषयाला धरून बोलेल आणि स्पष्ट बोलेल, असे आपण गृहीत धरतो. त्याने यातला एखादा नियम उघडउघड मोडला, तर आपण त्याला वेडा ठरवीत नाही. त्याला काहीतरी वेगळे म्हणायचे असावे, असा तर्क करतो. तासभर उशिरा आलेल्या गाडीला ‘लवकर आली’ म्हणणारा खोटे बोलतो हे सर्वांना दिसते, म्हणूनच त्याचा खरा अर्थ सर्वांना कळतो.

“मी तसं म्हणालोच नाही!”

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. एक वर्ग डोळ्यांपुढे आणा. गुरुत्वाकर्षणाचा पाठ चालू आहे. बंडू हात वर करून विचारतो, “सर, मग चंद्र खाली का पडत नाही?” मागच्या बाकावरून आवाज येतो, “वा! न्यूटन जागे झाले!” सगळा वर्ग हसतो. बंडू खाली बसतो. पुढच्या तासाला तो हात वर करीत नाही.

बंडूने तक्रार केली, तर मागच्या बाकावरचा म्हणेल, “मी काय वाईट बोललो? न्यूटनच तर म्हणालो! गंमत केली, तर याला राग!” पाहा कसे झाले ते. बोलण्यात दोन अर्थ होते. लागला तो आवाजातला, आणि जबाबदारी घेतली ती फक्त शब्दांची. आधी व्याजस्तुती केली आणि सापडल्यावर व्याजोक्तीचा आडोसा घेतला. वर दोष बंडूच्या माथी मारला, की त्याला गंमत कळत नाही.

विज्ञान शिकणाऱ्याला इथे एक गोष्ट चटकन दिसायला हवी. ‘पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळते’ हे विधान आहे. ते तपासता येते आणि चुकीचे असेल तर खोडता येते. ‘बंडू, तुझा प्रश्न बावळट आहे’ हेही, कडू असले तरी, विधानच आहे. बंडू विचारू शकतो, “का बरं बावळट?” मग वाद होईल आणि कोण चूक ते ठरेल. टोमणा मात्र खोडता येत नाही, कारण जे म्हणायचे ते म्हटलेलेच नसते. जखम होते, पण उत्तर द्यायला जागा राहत नाही. टोमण्याचे खरे बळ ह्यात आहे.

आडून बोलण्याची गरज कोणाला?

मग आडून बोलणे सदैव वाईटच का? तसे नाही. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण तुम्हांला ठाऊक आहे. सासू बोलते लेकीला, पण ते लागावे सुनेला. सासूला सत्ता असते, ती सरळ बोलू शकते. तरी ती आडून बोलते, म्हणजे सुनेला उत्तर देता येऊ नये. पण सुनेचे काय? तिला तर तोंड उघडण्याचीच चोरी होती. ती पहाटे जात्यावर बसे आणि ओवीतून आपले सुखदुःख, कधी चिमटेही, गाऊन घेई. दळणाचे गाणे म्हटल्यावर कोण तिला विचारणार? हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत.

दुसरे उदाहरण शिवराम महादेव परांजपे यांचे. १८९८ साली त्यांनी पुण्यात ‘काळ’ साप्ताहिक काढले. इंग्रज सरकारवर सरळ टीका करणे म्हणजे राजद्रोहाचे कलम ओढवून घेणे. परांजपे संस्कृतचे पंडित होते. त्यांनी व्याजस्तुती, वक्रोक्ती, उपरोध ही सगळी हत्यारे बाहेर काढली. वरून स्तुती चालली आहे असे वाटे आणि वाचकाला उलटा अर्थ बरोबर कळे. शब्दांचा हा आडोसाही कायमचा पुरला नाही. १९०८ साली त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली.

सासूचा टोमणा, सुनेची ओवी आणि परांजप्यांचा लेख, तिन्हींत हत्यार एकच आहे. पण सून आणि परांजपे यांना सरळ बोलले तर शिक्षा होती. सासूला कोणतीच शिक्षा नव्हती. म्हणून आडून बोललेले वाक्य तोलताना ते कोण कोणाला म्हणतो आहे, हे आधी पाहावे. वर्गात बंडूला सरळ उत्तर द्यायला मागच्या बाकावरच्याला कोणाची भीती होती?

खरे हसू आणि ओढून आणलेले हसू

टोमण्याच्या पाठोपाठ बहुधा हसू येते. त्याचेही शास्त्र आहे. फ्रान्समधील वैद्य द्युशेन याने चेहऱ्याच्या एकेका स्नायूला विजेचा सौम्य प्रवाह देऊन कोणता भाव उमटतो ते पाहिले आणि १८६२ साली ते छायाचित्रांसह प्रसिद्ध केले. त्याला असे दिसले की, हसताना ओठांचे कोपरे वर ओढणारा गालाचा स्नायू आपल्या इच्छेने हलवता येतो. पण खऱ्या आनंदात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो आणि तो सहसा हुकूम ऐकत नाही. म्हणूनच छायाचित्र काढताना आणलेले हसू ओठांवर असते आणि डोळे कोरडेच राहतात. (काही लोकांना डोळ्यांचे हसूही मुद्दाम आणता येते, असे अलीकडच्या अभ्यासांत दिसले आहे. तेव्हा यावरून कोणाला खोटारडा ठरवू नये.)

अमेरिकेतील रॉबर्ट प्रोव्हाइन याने बाजारात, आवारात माणसे कशाकशाला हसतात याची नोंद ठेवली. पाचांतील चार वेळा तरी हसण्याआधी विनोद असा झालेलाच नव्हता, अगदी साधे वाक्य होते. आणि माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट तो चारचौघांत हसतो, असेही त्याला आढळले. हसणे हे पुष्कळदा ‘मी तुमच्यातला आहे’ एवढेच सांगण्यासाठी असते. बंडूंनो, हे तुमच्या उपयोगाचे आहे. वर्ग हसला म्हणजे वर्गाला ते पटले असे नव्हे. शेजारचा हसला म्हणून पुष्कळ जण हसलेले असतात.

न बोलता बोलणे

राग आडून दाखवायला शब्दही लागत नाहीत. अबोला धरणे, भांडी आपटणे, ‘काही नाही झालं’ म्हणत तोंड फिरवणे, सांगितलेले काम ‘करतो की’ म्हणून न करणे, हे घरोघरी चालते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, अमेरिकन लष्करातील डॉक्टरांनी अशा वागण्याला एक नाव दिले. काही सैनिक हुकूम उघड मोडत नसत; पण फुगून बसत, चालढकल करीत, काम मुद्दाम वाईट करीत. लष्करात ‘नाही’ म्हणण्याची सोय नव्हती, हे ध्यानात घ्या. १९५२ साली हे वागणे मनोविकारांच्या अमेरिकन यादीत गेले, १९९४ साली मुख्य यादीतून बाहेर पडले आणि २०१३ च्या यादीत स्वतंत्र विकार म्हणून राहिले नाही. म्हणजे अबोला धरणाऱ्या ताईला लगेच रोगी ठरवू नका! जिथे सरळ ‘नाही’ म्हणता येत नाही, तिथे ‘नाही’ दुसऱ्या वाटेने बाहेर येते. ताई भांडी आपटत असेल, तर तिला घरात नाही म्हणण्याची मुभा आहे का, तेही पाहा.

मोबाईलवरचा टोमणा

फळ्यावर लिहिताना आपल्या वाक्याचे काय झाले ते आपण पाहिले. आज तर निम्म्या गप्पा मोबाईलवर लिहूनच होतात. २००५ साली अमेरिकेतील जस्टिन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी गंभीर व उपरोधिक वाक्ये ई-मेलने पाठवली, काहींनी तीच बोलून दाखवली. शंभरांतील ७८ वाक्यांचा रोख समोरच्याला कळेल, असा दोघांचाही अंदाज होता. बोललेल्यांपैकी ७३ कळली. लिहिलेल्यांपैकी कळली फक्त ५६! नुसते नाणे उडवून उत्तरे दिली असती, तरी ५० च्या आसपास बरोबर आली असती.

असे का होते? १९९० साली एलिझाबेथ न्यूटन हिने स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेला प्रयोग पाहा. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि दुसऱ्याने गाणे ओळखायचे. निम्मी गाणी ओळखली जातील असे वाजवणाऱ्यांना वाटत होते. १२० गाण्यांपैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणे चालू असते. ऐकणाऱ्याला मिळते ती नुसती टकटक. लिहिणाऱ्याच्या मनातही स्वतःचा हेल वाजत असतो, तो वाचणाऱ्यापर्यंत पोचत नाही. शेवटी हसरे चिन्ह टाकले तरी ते कौतुकाचे की कुत्सित, हा प्रश्न उरतोच.

मग करायचे काय?

टोमणा बसला तर उलटा टोमणा मारू नका. शांतपणे विचारा, “तुला काय म्हणायचंय, ते सरळ सांग.” वडीलधारे असतील तर, “आजी, माझं काही चुकलं का?” ह्या प्रश्नाने टोमण्याचे विधान होते आणि विधानाला उत्तर देता येते. समोरचा सरळ बोलला तर बोलणे पुढे सरकते. नाही बोलला, तर आडोसा कोणी घेतला ते सर्वांना दिसते.

विनोद करण्याआधी तीन गोष्टी तपासा. ज्याच्यावर विनोद करतो, तो तितक्याच मोकळेपणी उलट करू शकतो का? हाच विनोद सरळ वाक्यात उलगडला, तर ते वाक्य त्याच्या तोंडावर म्हणवेल का? तो ‘पुरे’ म्हणाला तर आपण थांबू का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल करा. मित्रामित्रांतली थट्टा अशीच असते आणि तिच्यावाचून जगणे अळणी होईल.

शिक्षक बंधुभगिनींना एकच विनंती. पहिल्याच कसोटीवर आपला टोमणा नापास होतो, कारण विद्यार्थ्याला उलट बोलता येत नाही. चूक असेल तर ‘चूक’ म्हणावे. ते मुलांना टोमण्याहून सोपे जाते.

बंडूच्या प्रश्नाचे उत्तर

ते राहूनच गेले! चंद्र खाली पडतो, क्षणोक्षणी पडतो. झाडावरचे सफरचंद पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून सफरचंदापेक्षा सुमारे ६० पट दूर आहे, म्हणून त्याच्यावरील गुरुत्वाचा परिणाम ६० × ६०, म्हणजे ३६०० पट कमी. ४.९ मीटरला ३६०० ने भागा. चंद्र सेकंदाला जवळजवळ १.४ मिलिमीटर पृथ्वीकडे पडतो. त्याच सेकंदात तो बाजूला सुमारे एक किलोमीटर पुढे सरकतो, म्हणून पडत पडत पृथ्वीभोवती फिरत राहतो. हाच प्रश्न न्यूटनला पडला होता आणि हाच हिशेब त्याने मांडला होता. मागच्या बाकावरून आलेला शब्द, अर्थ सरळ घेतला तर, अगदी बरोबर होता. बंडूने पुढच्या तासाला हात वर करावा.